तराफाबाई

अकराव्या मुलाखतीला जाताना तिने फाइल घेतलीच नाही. आधी दहा वेळा नेली होती, आणि दहाही वेळा समोरच्याने ती फक्त वय बघण्यापुरती उघडली होती.

धक्क्यावर तिला सगळे तराफाबाई म्हणत. बोट बुडायला लागली की पाण्यात टाकायचा, आपोआप फुगणारा रबरी तराफा ती सोळा वर्षं विकत आली होती. मासेमारीच्या बोटी असोत की मालवाहू जहाजं, शिडीवरून चढून जायचं, कप्तानाशी गप्पा मारायच्या आणि ऑर्डर घेऊनच खाली उतरायचं. मग तिची कंपनी एका मोठ्या कंपनीने गिळली. मोठ्या कंपनीचा सगळा कारभार संगणकावर. विक्री खात्यातल्या नऊ जणांना एकाच दुपारी नारळ मिळाला.

त्यानंतर आठ महिने ती उंबरे झिजवत होती. दोरखंड, नांगर, इंजिनं, जहाजांचे रंग, ती काहीही विकायला तयार होती. कुणी म्हणे अनुभव फारच आहे, कुणी म्हणे आम्हाला सोशल मीडियावाली हवी.

"एवढा मोठा समुद्र," सासूबाई एकदा म्हणाल्या, "आणि त्यात तुला पाय ठेवायला जागा नाही?"

"समुद्रात पाय कुठे टेकतो, आई?"

दोघी हसल्या. हसून झाल्यावर दोघींनाही दमल्यासारखं वाटलं.

अकरावी कंपनी लाइफ जॅकेटं बनवणारी. मॅनेजर तिच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान होता. त्याने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडम, तीन दिवसांचं बोटींचं प्रदर्शन आहे. आमच्या स्टॉलवर उभ्या राहा. काम पटलं तर पुढचं बोलू."

"उभी राहून नेमकं काय करायचं?"

"मार्केटिंग."

म्हणजे अंगात नारिंगी जॅकेट चढवून पत्रकं वाटायची, हे तिला पहिल्या दिवशी सकाळी कळलं. दोन दिवस तिने निमूटपणे पत्रकं वाटली. लोक यायचे, फुकटची पिशवी घ्यायचे, सोनेरी कठड्याच्या नौकेसमोर फोटो काढायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पिकल्या केसांचा बोटमालक भलीमोठी पिशवी घेऊन आला. त्यात सहा जॅकेटं होती.

"बाई, ही तुमच्याच कंपनीची. दोन वर्षं झाली. चालतील ना अजून?"

तिने जमिनीवरच बैठक मारली आणि एकेक उघडायला घेतलं. या जॅकेटात बोटभर लांबीचा गॅसचा सिलिंडर असतो. माणूस पाण्यात पडला की आतली गोळी विरघळते, सुई सिलिंडरला भोक पाडते आणि जॅकेट फुगतं. पहिले दोन सिलिंडर ठीक होते. तिसऱ्याच्या तोंडाला भोक होतं. पाचव्याच्याही.

"ही दोन कधी फुगली होती का?"

"खलाशांनी गंमत म्हणून दोरी ओढली होती. मीच परत घडी घालून ठेवली."

"घडी झकास घातलीत. पण ही आता थंडीत घालायच्या कामाची."

बोटमालकाचा चेहरा उतरला. मागून मॅनेजरने घसा साफ केला. "सर, नवीन मॉडेलवर आज खास सूट आहे. सहाच्या सहा बदलून टाकू."

बोटमालकाने तिच्याकडे पाहिलं. सहा जॅकेटं गळ्यात मारणं हा तिच्या डाव्या हातचा मळ होता.

"दोन सिलिंडर बदला, गोळ्या सगळ्या बदला," ती म्हणाली. "जॅकेटं चांगली आहेत." आणि जुन्या सवयीने विचारून गेली, "तराफा शेवटचा कधी उघडून तपासला होता?"

तो इकडेतिकडे बघू लागला. "चार-पाच वर्षं झाली असतील. पण डबा अजून नव्यासारखा दिसतो."

"डबा नाही तरंगवत माणसाला."

या कंपनीत तराफे तपासत नसत. तिने पत्रकाच्या पाठीवर बंदरापलीकडच्या, तराफे तपासणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रीचा पत्ता लिहून दिला.

"आपल्या स्टॉलवर उभं राहून गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवलंत," मॅनेजर नंतर म्हणाला. "तेही आपल्याच पत्रकावर लिहून!"

"तुम्ही हे काम करत नाही ना?"

"मुद्दा तो नाही, मॅडम."

मुद्दा तिलाही कळत होता. त्यालाही वर कुणाला तरी आकडे दाखवायचे होते. तिने जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं. घरी गेली ती तशीच सोफ्यावर आडवी झाली. नवऱ्याने पायातले बूट काढले, तेव्हाही तिला जाग आली नाही.

चार दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. "ताई, तुम्ही पाठवलेला तराफा आज उघडतोय. या बघायला."

शेडमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे, इतकी तिथली फरशी स्वच्छ. बोटमालक भिंतीशी उभा होता. मिस्त्रीने दोरी ओढली. फुस्स करून तराफा निम्मा फुगला, मग एका बाजूचा जोड सुटला आणि सगळं धूड रिकाम्या पोत्यासारखं खाली बसलं.

बोटमालकाने वाकून सुटलेला जोड बोटाने चाचपला.

"आम्ही सहा जण असतो बोटीवर," बोटमालक एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर मिस्त्रीने लोखंडी कपाट उघडलं. "दोनशे बोटींची कार्डं आहेत. निम्म्यांच्या तपासणीच्या तारखा उलटून गेल्यात. मला रबर कळतं, ताई, माणसं नाही. गिऱ्हाइकाला फोन करायचा म्हटला तरी घाम फुटतो. आठवड्यातून दोन दिवस याल?"

"पाच."

"पाच मला झेपायचे नाहीत."

"मग चार. साठ बोटी आणते तीन महिन्यांत. नाही आणल्या तर मीच यायची बंद होईन."

मिस्त्रीने मान खाजवली. "तीन पक्के. चौथा, बोटी आल्या तर."

आणखी ताणता आलं असतं. पूर्वी तिने ताणलंही असतं. "चालेल," ती म्हणाली.

घरी जाताना ती आनंद होण्याची वाट बघत राहिली. झाला, पण बेताचाच.

"मिळाली?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"तीन दिवस."

"मग उरलेले चार दिवस झोप काढ. अवतार बघ जरा आरशात."

सोमवारी ती आठ कार्डं घेऊन धक्क्यावर गेली. पहिल्याच बोटीचा कप्तान वरूनच ओरडला, "आत्ता नको! पुढच्या महिन्यात बघू!"

"तारीख काय लिहू?"

"लिहा काहीतरी. बारा!"

तिने कार्डावर बारा लिहिलं आणि पुढच्या बोटीची शिडी चढायला लागली.