एकशे पस्तीसची लेन्स

ताईचा उजवा हात थरथरतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या तोंडावर ते बोलायची कुणाची छाती नव्हती. हे जाणार नाही, गोळ्यांनी थोडंफार आवरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आवरलं तर आवरलं," ताई म्हणाली आणि कॅमेरा गळ्यात अडकवून कामाला लागली. स्टुडिओ दोघा भावंडांचा. फोटो ताई काढायची. गिऱ्हाइकं, छपाई, फ्रेमा हे धाकट्या भावाकडे.

मग हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचं काम आलं. बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांचं पोर्ट्रेट वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर लागायचं होतं. ताईने त्यांना त्यांच्याच ऑफिसात, खिडकीच्या उजेडात बसवलं. स्टुडिओत येऊन फोटो उघडले तर एकही धड नाही. सगळे हललेले.

धाकटा मागे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, आता तू काउंटरवर बस. फोटो मी काढतो."

"तू? तुझ्या फोटोत माणसं चौकशीला बोलावल्यासारखी दिसतात."

"निदान दिसतात तरी."

हे तिच्या जिव्हारी लागलं. पण तिने तेच फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. मेट्रनबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली, तिच्या हातावर होती. आणि चेहरा कसा? पेशंटकडे बघताना नर्सचा होतो तसा, मायाळू. ताईला त्या मायेचाच जास्त राग आला.

"लेन्स बदलायला हवी," ती म्हणाली.

"ताई, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक."

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर? ही जुनी झूम लेन्स उजेड घेते चमचाभर. शटर उघडून वाट बघत बसतं. तेवढ्यात तुझाही हात हलेल."

"माझा हलत नाही."

"म्हणून तुला अंगण दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. धाकटाही गेला; तिला अडवायला की सोबतीला, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. दुकानदार जुना ओळखीचा, आणि शहाणा माणूस. त्याने आधी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स काढली. हलकी, भरपूर उजेड घेणारी. "पोर्ट्रेटला हीच घ्या. हातालाही जड नाही."

ताईने ती लावून भावावर रोखली. चेहरा चौकटीत भरायला तिला त्याच्या अगदी पुढ्यात जावं लागलं. धाकट्याची नजर लगेच तिच्या बोटांवर गेली.

"बघ, तूही तेच करतोस," ती म्हणाली आणि लेन्स परत दिली. "मला लांबून काढायचेत."

मग मोठी झूम निघाली. तिच्यात थरथर सावरायची सोय होती, फोटोही बरे आले, पण वजनाने ताईचा खांदा लगेच बोलायला लागला. दुकानदार चाचरत म्हणाला, "स्टँडवर लावलीत तर..."

"स्टँड पुढे ठेवला की माणसाचा पुतळा होतो. एकशे पस्तीसची फास्ट आहे ना, भरपूर उजेड घेणारी? ती काढा."

"ताई, लांबच्या लेन्समध्ये थरथर जास्त दिसते. आणि पूर्ण उघडलीत तर स्पष्ट येणारा पट्टा एवढासा. डोळा स्पष्ट आला तर कान धूसर. तुम्ही जरा पुढेमागे झालात की डोळाही गेला."

बोलणं खोटं नव्हतं. ताईने डावा तळवा लेन्सखाली दिला, कोपर बरगडीत रुतवलं, पाठ दाराच्या चौकटीला टेकवली. भरपूर उजेड आत येत होता, त्यामुळे शटर डोळा लवायच्या आत मिटत होतं. भाऊ दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. ती काढत राहिली. पडद्यावर बघितलं तर कुठे डोळा निसटलेला, कुठे नाक तेवढं स्पष्ट. पण मधूनच एखादा असा, की भावाच्या पापण्या मोजाव्यात.

"बरेच गेले," धाकटा म्हणाला.

"काही आले. हीच बांधा."

मेट्रनबाईंनी पुन्हा बसायला कुरकुर केली नाही. धाकटाही कॅमेरा घेऊन आला होता, न जाणो म्हणून. ताई त्यांच्या ऑफिसच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटाला पाठ लावून उभी राहिली. पण इतक्या लांबूनही मेट्रनबाईंनी हेरलंच. आयुष्यभर वॉर्डाच्या दारातून शेवटच्या खाटेवर नजर ठेवणारी बाई ती.

"बाई, हात कधीपासून थरथरतोय? जरा बसता का? तुमच्या भावाला काढू दे."

धाकटा एक पाऊल पुढे आला.

"तू तिथेच थांब," ताई कडाडली. मग मेट्रनबाईंना म्हणाली, "मी तुमच्या वॉर्डात भरती झालेली नाही. इथे मी फोटो काढायला आलेय, आणि बसायचंय ते तुम्ही. मान वर करा."

मेट्रनबाईंना असं कुणी कधी बोललं नसावं. त्यांची माया एका क्षणात पळाली. हनुवटी वर गेली, ओठ घट्ट मिटले, आणि ज्या नजरेला डॉक्टरसुद्धा टरकून असत ती नजर सरळ लेन्सवर येऊन आदळली.

ताईने बटण दाबलं ते दाबतच राहिली.

"झालं?" मेट्रनबाईंनी दरडावून विचारलं.

"झालं."

स्टुडिओत आल्यावर धाकट्याने फोटो उघडले. एक हललेला, दुसरा हललेला, तिसऱ्यात कानातली कुडी स्पष्ट आणि चेहरा धुक्यात. त्याचे खांदे पडले. आणि मग तो एक फोटो आला. दोन्ही डोळे लख्ख. मागची खिडकी, भिंत, पंखा सगळं विरघळून गेलेलं. बाई आता उठून आपल्यालाच झापणार, असं त्याला वाटलं.

"फोनवर बोलताना मेट्रनबाई अश्शाच असतात," तो हळूच म्हणाला. मग राहवलं नाही म्हणून पुढे बोललाच, "पण ताई, उरलेले बहुतेक फुकट गेलेत. रोज असं जमेल?"

"नाही जमणार. ज्या दिवशी एकही येणार नाही, त्या दिवशी मी सांगेन. तू नाही."

त्याने मान डोलावली. मग घसा खाकरून म्हणाला, "परवा ज्या गायिकेचे फोटो काढायचेत, तिला मी कळवलंय, की फोटो काढायला मी येतोय म्हणून."

"मग आता फोन कर," ताई लेन्स पुसता पुसता म्हणाली. "म्हणावं, ताई येतेय. आणि मोठी खोली रिकामी ठेवा म्हणावं."