हलका दांडा

भिंगरीने सुकाणूचा दांडा वजनकाट्यावर ठेवला, आकडा पाहिला आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली.

"मामा, बघ! जुन्याच्या निम्म्याहूनही कमी भरला!"

मामा होडीच्या पोटाखाली उताणा पडून पॉलिश पेपर घासत होता. तिथूनच म्हणाला, "वा. आता हा तुझ्या आईला पसंत पडला, तर मी कपड्यांसकट पाण्यात उडी मारतो."

"त्यात काय मोठंसं? तुला पोहता येतं."

"म्हणून तर म्हणतोय. मी काय वेडा आहे?"

भिंगरी हसली खरी, पण तिची नजर भिंतीकडे गेलीच. या महिन्यात तिने केलेले तीन दांडे आधीच भिंतीवरच्या खुंट्यांना लटकत होते. ॲल्युमिनियमच्या नळीचा पहिला दांडा आईने पाण्यात एकदाच नेला आणि परत आणून ठेवला. दुसरा आतून पोकळ केलेल्या लाकडाचा होता. तिसरा फोमचा, वर काचतंतूंचं कापड चढवलेला. तिन्हींना एकच शिक्का मिळाला होता, "नको." का नको, याचा पत्ता नाही. शाळेत गणिताच्या बाई उत्तर चुकलं तर निदान पायरी तरी दाखवतात!

आणि भिंगरीचं गणित तर साफ बरोबर होतं. त्यांच्या शर्यतीच्या होडीचं सुकाणू जुनं, भरीव लाकडाचं, आणि ते लटकायचं होडीच्या अगदी शेपटीला. तिथलं एक किलो म्हणजे मधल्या पाच किलोंना भारी. प्रत्येक लाटेला होडी मागे बसायची, नाक वर करायची, मग सावकाश खाली यायची, जशी काही सकाळी उठायला कुरकुर करणारी मुलगी. मागच्या शर्यतीत शेवटच्या बोयाला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, वळताना दोन होड्या त्यांच्या नाकावर टिच्चून पुढे गेल्या होत्या. येत्या रविवारी पहिल्या तीन होड्यांची मोठ्या समुद्रातल्या स्पर्धेसाठी निवड व्हायची होती. आई मागे सुकाणूवर, भिंगरी पुढे शिडावर. तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

म्हणून पाण्यात बुडणारं पातं तिने मामाकडून फोम आणि कार्बनच्या कापडाचं करून घेतलं. त्याला आईने हूं की चूं केलं नाही. घोडं अडलं होतं ते हातात धरायच्या दांड्यापाशी.

आई आली, ओल्या चपला दारात काढल्या आणि नवा दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"कार्बनची नळी," भिंगरी म्हणाली. "वाइसच्या जबड्यात पकडून टोकाला वजन टांगलं. तसूभरही वाकला नाही. मामाला विचार."

"वाकला नाही," होडीखालून आवाज आला. "मी वाकलो. वजनं मीच उचलत होतो."

आई हसली नाही. "हातात बसत नाही गं."

"आई, तो काय पोपट आहे, हातात बसायला? नीट कारण सांग ना! जड आहे? नाही. वाकतो? नाही. मग?"

"मग काही नाही. जुना लाव."

"तुला ना, नवीन काही नकोच असतं!"

हे जरा जास्तच मोठ्याने निघालं. पॉलिश पेपरची घासघास थांबली. भिंगरीचे कान तापले, पण माघार घेईल तर ती भिंगरी कसली.

"एकदा पाण्यात बघू," ती म्हणाली. "पण आज शिडावर मी नाही, मामा बसेल. मी मोटरबोटीतून मागे येते. मला सुकाणू मागून बघायचंय. मी कायम पुढे तोंड करून बसते, मला कधी दिसणार मागे काय चाललंय ते?"

आई काहीतरी बोलणार होती. मग तिने जॅकेट उचललं.

"मी बसलो की तुमचं सगळं वाचवलेलं वजन परत आलं म्हणून समजा," असं म्हणत मामा होडीखालून सरपटत बाहेर आला.

वारा बेताचा होता. मामाने शीड भरून घेतलं आणि होडी सुटली ती अशी, की मागे मोटरबोटीत उभ्या असलेल्या भिंगरीने एकटीनेच आरोळी ठोकली. नाक वर नाही, शेपूट खाली नाही! मग ती वाकून पाण्याकडे बघायला लागली. सुकाणूच्या मागे पाण्यावर एक रेघ उमटत होती. ती रेघ सरळ हवी. पण ती बारीक बारीक थरथरत होती, कापडावर घाईघाईने घातलेल्या धावदोऱ्यासारखी. आई सरळ चालली होती तरी रेघ थरथरत होती.

भिंगरीला आनंदच झाला. सापडलं! सुकाणू होडीला अडकवणारी खीळ सैल आहे! आई उगाच नको म्हणत नव्हती. तिला हेच जाणवत असणार, फक्त सांगता येत नसणार. खीळ बदलली की काम फत्ते.

होडी धक्क्याला लागल्या लागल्या तिने सुकाणूचं डोकं दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. खीळ घट्ट होती. पातं घट्ट होतं. दांडा खोबणीत असा बसला होता की केससुद्धा शिरला नसता. तिने पुन्हा हलवून पाहिलं. कुठेच काही ढिलं नव्हतं.

"काय झालं?" आईने विचारलं. ती अजून होडीतच होती, हात दांड्यावर. दोर बांधलेला, शीड उतरवलेलं, पाणी पाटीसारखं सपाट.

भिंगरीने दांड्याच्या टोकाकडे पाहिलं. टोक हलत होतं. धक्क्याच्या आडोशाला वारा नव्हता, लाट नव्हती, आणि टोक हलत होतं.

आईने हात काढला आणि काखेत दाबून धरला. "गार आहे आज," ती म्हणाली.

शेजारी मामा बाहीने कपाळावरचा घाम पुसत होता. त्याने लगेच दुसरीकडे तोंड फिरवलं.

"मी म्हटलं होतं ना, हा नको," आई म्हणाली.

भिंगरीच्या तोंडाशी खूप काही आलं. डॉक्टर. कधीपासून. मला का नाही सांगितलंस. आणि त्या सगळ्यांना कोपराने ढकलत पुढे आलेलं एक वाक्य: मी धरते की सुकाणू. तिने ओल्या दोराची गुंडाळी करायला घेतली. ती नीट झाली नाही म्हणून सोडवून पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर कोपऱ्यात भिरकावून ती कामाला लागली. आधी हॅक्सॉ सापडेना. मग पाना हातातून निसटून पायावर पडला आणि ती त्याला असं काही बोलली, की आईने ऐकलं असतं तर जेवण बंद झालं असतं. राग नुसता खदखदत होता, पण काढायचा कुणावर? महिनाभर तिने आईला हट्टी म्हटलं होतं. आता तेवढीही सोय राहिली नव्हती.

ती भंगाराचा डबा उपसायला लागली. मामा थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने फळीमागून पितळेची एक जाडजूड सळई काढून तिच्यासमोर ठेवली.

"मुठीकडच्या टोकात भर," तो म्हणाला. "तिथलं वजन हाताला धरून ठेवतं."

त्याने विनोद केला नाही. तेव्हा भिंगरीला कळलं, की मामाला हे आधीपासून ठाऊक होतं.

तिने सळईचा वीतभर तुकडा कापला, कानशीने गोल केला, रेझिन लावून नळीत सरकवला आणि टोकाला टोपण बसवलं. पातं हलकं ते हलकंच राहिलं. दांडा मात्र जवळजवळ जुन्याइतका जड झाला. काट्यावर तिने तो ठेवलाच नाही.

शनिवारी आई आली. भिंगरीने दांडा पुढे केला. आईने तो तळव्यावर घेतला, मुठीत धरला आणि तसाच धरून उभी राहिली. टोक स्थिर होतं.

"हा कशाचा?"

"कार्बनचाच. आतून जरा बदल केलाय."

"हलका आहे?"

"एकदम हलका," भिंगरी म्हणाली. तिच्या नखांत अजून पितळेचा कीस चमकत होता.

वजनकाटा आईच्या कोपराशीच होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते लेकीच्या हातांकडे, आणि बराच वेळ.

"उद्या शेवटच्या बोयाला," ती म्हणाली, "मी हाक मारली तर मागे सुकाणूवर ये."

"हाक मारलीस तर येईन. नाही मारलीस तर नाही येणार," भिंगरी म्हणाली.

"माहीत आहे," आई म्हणाली, आणि दांडा काखेत मारून धक्क्याकडे निघाली.