चार बोटांचे अंतर

मित्रांनो, विमानतळाच्या सामानकोठीमागे कमरेएवढ्या गवतात उभी असलेली मी एक जुनी शिडी आहे. विमानाला लावतात ती, चाकांची. अठरा पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे आणि वर दारापाशी माणसाला उभे राहता यावे एवढा सपाट मंच. माझ्या तीन चाकांतली हवा गेली आहे आणि चौथ्याचे रबर उंदरांनी कुरतडले आहे. कुणी येऊन माझी विचारपूस करावी, अशी अपेक्षा उरलेली नाही. मी थकले आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचे नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. पत्रे कापले, नळ्या वाकवल्या, वेल्डिंग केले, पिवळा रंग फासला आणि एका मोठ्या शहराच्या विमानतळावर धाडून दिले. तिथे मी नऊ वर्षे राबले. दिवसाला वीस-वीस विमाने. कोण आले, कोण गेले, बघायलाही फुरसत नव्हती. पुढे तिथे काचेचे बोगदे बसवले, प्रवासी इमारतीतून थेट विमानात जाऊ लागले आणि माझी गरज सरली. मोठ्या घरातली जुनी भांडी गरीब नातेवाइकाकडे पाठवतात, तशी माझी इकडे रवानगी झाली.

इकडे म्हणजे डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा गावात. गावाबाहेर तीन टप्प्यांनी कोसळणारा धबधबा आहे आणि त्याच्या मागे दगडात कोरलेल्या गुहा आहेत. बघणाऱ्याचे डोळे निवावेत अशी जागा. पण बघायला येणार कोण? आगगाडी नव्हती. घाटरस्त्याने बसला एकोणीस तास लागत आणि त्यातही निम्मे प्रवासी खिडकीतून डोके बाहेर काढून ओकत असत. गावातली तरुण मंडळी एकदा तो घाट उतरली की परत चढत नसत.

पहिले विमान उतरले त्या दिवशी सारे गाव कुंपणाला चिकटून उभे होते. मला दाराशी नेले. पहिला पाहुणा माझ्या वरच्या मंचावर आला, त्याने डोंगरांकडे पाहिले आणि जोरात शिंकला. कुंपणापलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंकेला एवढी दाद मिळालेला तो जगातला एकमेव माणूस असावा.

मला सांभाळायला एक मिस्त्री होते. आधी बसडेपोत काम करायचे, ते इथे आले. त्यांची भाची रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची आणि फाटकापासूनच "मामा, ओ मामा" अशी हाक मारायची. ऐकून ऐकून अख्खा विमानतळ त्यांना मामा म्हणू लागला. फाटकावरचा चौकीदारसुद्धा.

मामा रोज सकाळी माझ्या पोटाखाली शिरत. तिथे एक जाडजूड उभा स्क्रू आहे. बाजूचे मुठीचे चाक हाताने फिरवले की तो फिरतो आणि माझा मंच वर-खाली होतो. त्या स्क्रूला मामा हाताने ग्रीस चोपडत. कपड्याने लावले की समजत नाही, खाचेत खडा असला तर तो बोटांना लागला पाहिजे, असे ते म्हणत. त्यांची नखे कायम काळी असायची आणि त्यावरून घरी बोलणी बसायची.

मित्रांनो, आता एक कामाची गोष्ट नीट समजून घ्या. उभे विमान वरून कितीही भक्कम दिसले, तरी ते आपल्या चाकांवर दबत असते. माणसे चढली, सामान भरले, इंधन घातले की ते हळूहळू खाली बसते. त्याचे उघडे दार माझ्या मंचाच्या वर तरंगत असते. विमान बसत गेले आणि मंच तिथेच राहिला, तर दार मंचावर टेकते आणि विमानाचा सगळा भार त्या दारावर येतो. म्हणून मामा दार आणि मंच यांच्यामध्ये आपली चार बोटे आडवी धरून बघत. शिडी लावताना एकदा, निम्मी माणसे चढल्यावर एकदा आणि शेवटचा माणूस चढताना एकदा. बोटे अडकू लागली की चाक फिरवून मला थोडे खाली घेत. सतरा वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवले नाही. अंगात ताप असतानाही नाही.

आणि त्या सतरा वर्षांत गावाचे काय झाले, तेही ऐका. विमान पाहुणे घेऊन आले. पाहुण्यांना झोपायला खोल्या लागल्या, खोल्यांना चादरी लागल्या, चादरी धुवायला माणसे लागली. टॅक्सी आल्या. गुहा दाखवणारे वाटाडे आले, त्यातले दोघे शाळेत इतिहासात नापास झालेले होते, पण बोलत छान. डोंगरउतारावर फुले पिकवणाऱ्यांच्या पेट्या सकाळी खुडून दुपारी विमानाच्या पोटात बसू लागल्या. एकदा एका बाळंतिणीला स्ट्रेचरवर घालून माझ्यावरून चढवले. दीड महिन्याने ती स्वतःच्या पायांनी उतरली, मूल नवऱ्याच्या खांद्यावर. घाट उतरून गेलेली काही तरुण मंडळी परत आली. सगळेच चांगले झाले, असे मी म्हणणार नाही. धबधब्याखाली बाटल्यांचा खच पडला आणि जागांचे भाव असे चढले की गावातल्याच माणसाला गावात घर बांधणे अवघड झाले. पण घरे रिकामी पडत नव्हती.

मामांच्या भाचीने त्या दिवसांतच पाहुण्यांसाठी सहा खोल्या काढल्या. डबा आणणारी ती पोर आता लग्न होऊन दोन मुलींची आई झाली होती. खोल्या स्वच्छ, अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी. नवऱ्याने शहरात जायचा विषय काढला की ती म्हणायची, "तिकडे लोकांच्या फरश्या पुसायच्या, त्यापेक्षा इथे आपल्या पुसू." तिचे सगळे त्या एका रोजच्या विमानावर चालत होते. तिचेच कशाला, निम्म्या गावाचे.

मामा निवृत्त झाले आणि माझी देखभाल एका ठेकेदाराकडे गेली. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, टापटिपीचा शौकीन. त्याला एकच ठाऊक होते, चकचकीत दिसले म्हणजे नीट आहे.

सहा महिन्यांनी बातमी आली की विमान कंपनीचे दोन अधिकारी पाहणीला येणार. सगळे ठीक दिसले, तर दिवसाला दुसरे विमान सुरू होणार होते. गावात आनंदीआनंद झाला. भाचीने आणखी चार खोल्यांचा पाया आखला. आणि ठेकेदाराने आपल्या माणसांना माझ्यावर सोडले.

एक जण माझ्या पोटाखाली वाकून ओरडला, "शेठ, इथे सगळं काळं काळं चिकट आहे हो."

"पुसून टाक. साहेबांच्या कपड्यांना लागलं म्हणजे? रॉकेलनं धू आणि मार हात."

त्याने मामांचे ग्रीस शेवटच्या खाचेपर्यंत धुऊन काढले आणि त्या उघड्या स्क्रूवर पिवळ्या रंगाचे दोन हात मारले. मनापासून मारले, एक खाच सोडली नाही. मला तेव्हाच कळले होते. पण शिडीला कळून काय उपयोग?

अधिकारी आले. माझ्याकडे पाहून एक जण म्हणाला, "वा, नवी कोरी दिसते." ठेकेदार लाजला. दोन दिवस गाव पाहून, भाचीच्या खोल्यांत राहून, तिच्या स्वच्छतेचे कौतुक करून ते परत निघाले. विमान भरू लागले. त्या दिवशी एकही जागा रिकामी नव्हती आणि फुलांच्या पेट्याही नेहमीपेक्षा जास्त होत्या. अधिकाऱ्यांना दाखवायला हौसेने आणल्या होत्या. विमान बसू लागले. चार बोटांची तीन झाली, तिनाची दोन. बोटे धरून बघायला कुणी नव्हते.

दारातली हवाई सेविका अचानक ओरडली, "अहो, शिडी खाली घ्या! दार टेकतंय!"

दोघांनी चाकाला हात घातला. चाक हलेना. तिसऱ्याने पाइप अडकवून जोर लावला, तर चाकाची मूठच मोडून त्याच्या हातात आली. सुकलेल्या रंगाने स्क्रू जागच्या जागी धरून ठेवला होता. वर दार माझ्या मंचावर दाबले जात होते, ते मला जाणवत होते.

मामा तेव्हा कुंपणाबाहेर भाचीबरोबर उभे होते. ती पाहुण्यांना सोडायला आली होती. त्यांना लांबूनही समजले. ते जीव तोडून ओरडू लागले, "ओढू नका शिडी! आधी माणसं उतरवा! विमान आपोआप वर येईल!" ते फाटकाकडे धावले. पण चौकीदाराने हात आडवा केला. सतरा वर्षे त्यांना मामा म्हणणारा तोच चौकीदार. "मामा, पास नाही तुमच्याकडे आता. माझी नोकरी जाईल."

घाबरलेल्या एकाने माझे ब्रेक सोडले आणि मला मागे खेचले. कडाडकन आवाज झाला. दाराचे बिजागर पिळवटले होते.

विमान अकरा दिवस तिथेच उभे राहिले. दोघे अधिकारी एकोणीस तासांच्या घाटरस्त्याने गेले आणि त्यांतला एक म्हणे तीनदा ओकला. दुसऱ्या विमानाचे सोडाच, असलेलेही बंद झाले. कंपनीचे पत्र आले की, कारण लेखी कळवा आणि दूर करा, मग बघू.

गाव एका महिन्यात कसे उतरते, ते मी पाहिले आहे. आधी टॅक्सी गेल्या. मग वाटाडे. फुले शेतातच सुकली. भाचीच्या दोरीवर चादरी दिसेनात. तिने नवऱ्याला सांगितले, चल, जाऊ शहरात. सामान बांधायला घेतले.

त्याच आठवड्यात विमानतळाचे साहेब मामांना घेऊन इथे, कोठीमागे आले. मला तोवर इथे आणून टाकले होते.

साहेब म्हणाले, "मामा, खरं काय ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

"मग खरंच लिहा की."

"लिहितो. आमच्या माणसांनी स्क्रूवर रंग फासला, असं लिहितो. कंपनी म्हणेल, ज्यांना शिडी सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती विमान कसं द्यायचं? संपलं सगळं. पण शिडी जुनी होती, आतून झिजली होती, असं गेलं, तर नवी शिडी येईल. आणि विमानही येईल. तुमची सही असली की कुणी शंका घेणार नाही."

मामांनी माझ्या कठड्यावर हात ठेवला. म्हणाले, "झिजली नव्हती हो ती. मी रोज हात लावायचो."

"माहीत आहे."

"म्हणजे मीच ती नीट ठेवली नाही, असा अर्थ झाला."

साहेबांनी मान खाली घातली. पलीकडच्या रस्त्यावरून एक सामानाचा ट्रक गेला. तो भाचीचा नव्हता, पण मामा तो वळेपर्यंत बघत राहिले.

"विमान नक्की येईल?"

"येईल."

मामांनी कागद माझ्याच चौथ्या पायरीवर ठेवून सही केली. साहेब गेले. मामा मागे राहिले. वाकून त्यांनी माझ्या रंगलेल्या स्क्रूला हात लावला आणि म्हणाले, "माफ कर गं बाई." मला तेव्हा रडू आले असते, तर बरे झाले असते.

साहेबांनी शब्द पाळला. दोन महिन्यांनी विमान आले. भाचीने बांधलेले सामान सोडले. चादरी पुन्हा दोरीवर आल्या, त्या मला इथून दिसतात. नवी शिडी आली आहे. तिचा मंच मोटरीने वर-खाली होतो, पण पोटात स्क्रू तसाच आहे. मला तिचा हेवा नाही. आळ माझ्यावर आला, याचेही दुःख नाही. एका गावाला जगवण्यासाठी एका जुन्या शिडीने बदनाम व्हावे, हा सौदा मला वाईट वाटत नाही.

दुःख वेगळेच आहे. गेल्या आठवड्यात मामा साहेबांबरोबर नव्या शिडीपाशी आले होते. ठेकेदाराला म्हणाले, "एवढं करा, स्क्रूला रंग लावू नका. ग्रीस लावा. आणि दाराशी चार बोटं बघत जा."

ठेकेदार हसत म्हणाला, "मामा, तुम्हीच लिहून दिलंत ना, शिडी झिजली होती म्हणून? आता हे रंगाचं काय नवीन काढलंत?"

मामांनी तोंड उघडले. साहेबांकडे पाहिले. साहेब मोबाइलमध्ये बघत होते. मामा फाटकाबाहेर गेले, ते पुन्हा आलेले नाहीत.

मित्रांनो, पुढच्या सोमवारी दुसरे विमान सुरू होते आहे. या वेळी आणखी मोठे, आणखी जड. त्याआधी नवी शिडी चकचकीत करायला पिवळ्या रंगाचे पाच डबे काल इथे माझ्या शेजारी आणून ठेवले आहेत. तुम्हाला कधी एखादे यंत्र सांभाळायला मिळाले, तर त्याला नुसते रंगवू नका. त्याच्या पोटाखाली शिरा, हात काळे करा. आणि एखादी चूक झाली, तर ती खरी लिहा. लिहिलेली चूक पुढच्या माणसाला वाचवते. आमच्या विमानतळाच्या कपाटात या अपघाताचे चार पानी कारण आहे आणि त्यात रंग हा शब्दच नाही. म्हणून हे मी तुम्हाला सांगते आहे. सोमवारच्या आत कुणीतरी त्या माणसांना सांगा. मामा आता सांगू शकत नाहीत. सही त्यांची आहे.