झोक्याचा दोष

नागपंचमीला इंझोरीत झाडाझाडाला झोके लागत, पण मनकर्णाबाईच्या अंगणातल्या कडुनिंबाला दोर कधी लागला नाही. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. बाईची जीभच अशी, की माणसानं तोंड उघडायच्या आत त्याला उत्तर मिळून जाई.

यंदा तिची सून रुख्मिणी, तिसरा महिना लागलेली, सासूची नजर चुकवून शेजारच्या रामीबाईच्या झोक्यावर बसली. चार हेलकावे घेतले, हसली, उतरली. पुढच्याच आठवड्यात तिच्या पोटात कळा उठल्या, रक्त जाऊ लागलं आणि पोट पडलं.

झोक्याची बातमी मनकर्णाबाईपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! ती एकच वाक्य बोलली, "मी तुले बजावलं होतं." तेवढं पुरलं. रुख्मिणीची मान खाली गेली ती गेलीच. एके दिवशी तिनं नवऱ्याला, रामधनला सांगितलं, "मले माहेरी सोडून द्या. लेकरू मीच मारलं."

रामधननं बैलगाडी जुंपली, पण कारंज्याच्या दवाखान्यात न्यायला. न बोलावता मनकर्णाबाईही गाडीत चढून बसली. डॉक्टरीणबाईच्या तोंडून एकदाचा निवाडा व्हावा, म्हणजे ही पोट्टी पुन्हा असा आगाऊपणा करणार नाही, असा तिचा हिशेब होता.

डॉक्टरीणबाईंनी रुख्मिणीला तपासलं आणि काळजीचं कारण नाही म्हणाल्या. मनकर्णाबाईला तेवढ्यानं कुठलं समाधान!

"ते ठीक हाय, बाई. पन झोक्यानं काय होते, ते सांगा हिले."

"झोक्यानं काही होत नाही."

"मंग पोट कायनं पडलं?" मनकर्णाबाईनं फटकन विचारलं.

डॉक्टरीणबाई रुख्मिणीकडे वळल्या. "पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोट पडतं, ते बहुतेक वेळा गर्भच सुरुवातीपासून नीट जुळून आलेला नसतो म्हणून. त्याची वाढ पुढे चालत नाही. झोका, गाडीचे हिसके, पाण्याची घागर, यांच्यावर लोक उगाच खापर फोडतात. कितीतरी बायकांना हे होतं. कुणी बोलत नाही, म्हणून जिला होतं तिला वाटतं, आपल्या एकटीच्याच नशिबी आलं. तू काही चुकली नाहीस."

"पुन्ना लेकरू होईन?" रुख्मिणीनं विचारलं.

"बहुतेकींना पुढे चांगलं धडधाकट मूल होतं. अंगात थोडं बळ येऊ दे. ताप आला किंवा पुन्हा फार रक्त जाऊ लागलं, तर मात्र घरी बसू नकोस."

रुख्मिणी इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मनकर्णाबाईला मात्र राग आला. कुणाचा, ते तिलाच कळेना. ती तरातरा दाराशी गेली आणि तिथंच अडली.

"हे आताच्या बायांचं झालं. पयलेच्या बायांचं बी असंच होतं का?"

"पहिल्यापासून असंच."

"रामधनच्या पयले मले दिवस गेले होते," मनकर्णाबाई चौकट धरून म्हणाली. "मी बी झोक्यावर बसली होती. माही सासू म्हने, तूच खाल्लं लेकराले. आन मी आजलोक तेच मानत आली."

डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ आल्या. "तुम्ही नाही खाल्लं, आई."

बाहेर पायरीवर बसून मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून रडली. गाडीजवळ उभा असलेला रामधन गोंधळून बघतच राहिला; आईला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. रुख्मिणी सासूला खेटून बसली आणि रामधनकडे पाहत म्हणाली,

"आत्याबाई, ते असतं त आता ह्यायच्याहून मोठं असतं ना?"

त्या लेकराचं आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मनकर्णाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"हो. मोठं असतं." तिनं सुनेचा हात हातात घेतला. "तुले बोलली ते माहं चुकलं. आता जे होईन ना, त्याले आपन सांगू, बापू, तुह्या आंधी दोघं येऊन गेले. एक माहं, एक तुहं."

"होईन ना पन?"

"बाईनं सांगतलं न होईन म्हनून," मनकर्णाबाई डोळे पुसत खेकसली. "आन आता मी बी सांगून राह्यली."