चांगल्या पायाला पट्टी

ऑपरेशन झालं होतं किसनच्या डाव्या पावलाचं, आणि पट्टी तो बांधत होता उजव्याला.

"खोटंच बांधायचं तर नीट तरी बांधा," त्याची बायको प्रभावती म्हणाली. "दुखऱ्या पायाला कुणी असं करकचून आवळतं का?" तिनं पट्टी सोडवली आणि खरंच आत काही ठणकत असावं, अशा बेतानं पुन्हा गुंडाळली.

युक्ती किसनच्या कंपनीच्या संघाचे प्रशिक्षक हिंदुराव यांची. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दुखरा पाय कुठला हे एकदा कळलं, की समोरचे सातही जण त्याच घोट्यावर टपून बसतात. तेव्हा त्यांना कळू द्यायचं, पण उलटं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चाल, पळ. हरकत नाही. पण कुणी पाऊल धरून पिरगाळलं तर मी काही सांगू शकत नाही. पुन्हा मोडलं तर जन्मभर लंगडशील." किसन चालला, नदीच्या वाळूत पळला, कासारवाडी स्टेशनच्या जिन्यावर चवड्यांवर चढला-उतरला. सगळं करून पाहिलं. पावलाला पकड सोसेल का, एवढंच राहिलं. एकदा त्यानं प्रभावतीला म्हटलं होतं, "धर बघू जोरात." तिनं नुसता हात लावला आणि तोंड फिरवून चुलीपाशी गेली.

"हा सामना तुझा," हिंदुराव म्हणाले होते. "खेळलास तर जिल्हा स्पर्धेला तू. नाहीतर अर्जुनला घेणार. मग माझ्या नावानं शंख करायचा नाही."

सामना चिंचवडला होता, दुसऱ्या कंपनीच्या संघाशी. त्यांच्या कोपऱ्यात उभा राहणार होता पुनावळ्याचा खंडू. गेल्या वर्षापर्यंत तो किसनच्याच संघात होता. सरावात किसनचं हाड मोडलं ते खंडूच्याच पकडीत, आणि त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळाला तोही खंडूच. पुढं त्यानं कंपनी बदलली. म्हणजे पट्टीला सहा जण फसतील, सातवा फसणार नव्हता.

"खंडू कुणाला सांगेल?" हिंदुरावांनी विचारलं.

"तोंडानं नाही सांगायचा."

"मग झालं तर!"

किसनच्या मते काहीच झालं नव्हतं. तोंड गप्प राहील, पण हातांचं काय?

रविवारी दुपारी मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. पहिल्या चढाईला किसन रेषेजवळच घुटमळून परत आला. "अरे, नवरदेवाला कुणीतरी आत ढकला!" गर्दीतून कुणी ओरडलं. लोक हसले. दुसऱ्या चढाईला मात्र समोरच्या दोघांनी पट्टीवर झडप घातली. चांगला पाय तो. किसननं त्यांना तसंच ओढत नेऊन मध्यरेषा गाठली. हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. युक्ती चालली होती.

तिसऱ्या चढाईला तो खंडूच्या कोपऱ्यात शिरला. गडी टिपायला डावा पाय पुढं गेला आणि खंडूच्या पंजासमोर क्षणभर उघडाच राहिला. एवढ्या वेळात खंडूनं मागं कित्येक जण लोळवले होते. खंडूचे हात निघाले, मध्येच वळले आणि पट्टी बांधलेल्या पायावर नुसते टेकले. किसन गडी मारून परत आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याचे मात्र कान तापले होते.

मध्यंतरात त्यानं खंडूला पाण्याच्या माठापाशी गाठलं.

"धरलं का न्हाईस?"

"धरलं की. तूच निसटलास."

"लहान पोराला धरतात तसं?"

खंडू खाली मान घालून म्हणाला, "किसन्या, त्या दिवशीचा तो आवाज अजून माझ्या कानातनं जात न्हाई बघ. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं ते."

"आज तू सोडशील. जिल्ह्याला कोण सोडणार हाय? तिथं कळण्यापेक्षा हितं कळू दे." किसनचा आवाज चढला होता. "आणि मला काय भीक घालतोस व्हय?"

तो खाली बसला, सगळ्यांसमोर पट्टी सोडली आणि माठाशेजारी टाकली. हिंदुराव धावत आले. "डोकं फिरलं का तुझं?"

उत्तरार्धात तो सरळ खंडूकडेच गेला. दम घुमवत एकदा हूल दिली, दुसऱ्यांदा दिली. मग डावा पाय टाकला. लांब, मुद्दाम.

खंडूनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि घोटा धरला. दोन्ही हातांनी, टाक्यांच्या व्रणावरच. किसन आदळला. बाकीचे पाठीवर कोसळले. पाऊल पिळत गेलं, एक कळ थेट मांडीपर्यंत चढली. तोंडानं कबड्डी कबड्डी चाललेलं, पण सगळं लक्ष कानात. आता वाजेल. आता. तो रेषेकडे सरपटत राहिला. बोटं मातीत रुतली. रेषा वीतभर राहिली आणि दम तुटला.

शिट्टी झाली. किसन बाद.

वरची माणसं उठली. खंडू गुडघ्यावरच होता, त्या पावलाकडे पाहत. किसननं डावा पाय टेकला. आधी टाच, मग चवडा, मग सगळा भार त्यावर टाकून उभा राहिला. दुखत होतं. पण मुक्या मारासारखं, तुटल्यासारखं नाही.

बाहेर येऊन तो बाद गड्यांच्या जागी बसला. हिंदुराव वाकून म्हणाले, "पाय दाखव." त्यांनी बोटं हलवायला लावली, अंगठा दाबून पाहिला. अर्जुन शेजारी उभा राहून अंग मोकळं करत होता. हिंदुराव त्याच्याकडे बघत होते, परत पायाकडे बघत होते.

तेवढ्यात त्यांच्या संघानं समोरचा एक गडी पकडला. एक गुण मिळाला की आपला बाद गडी आत यायचा.

"बस रे अर्जुन," हिंदुराव म्हणाले. "किसन, जा आत."

पलीकडच्या कोपऱ्यात खंडूनं वाकून मूठभर माती उचलली आणि दोन्ही तळव्यांना चोळली.