कोबीच्या शेताचं फाटक

मी फाटक बोलतोय, आणि आज चिडून बोलतोय. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर सुनेत्रा आणि यतीनच्या जमिनीच्या तोंडाशी मी अकरा वर्षं उभा आहे.

आधी माझं काम एकच, उघडं राहणं. सुट्टीवाल्यांच्या कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, आत यायच्या. जुलै-ऑगस्टात पाय ठेवायला जागा नसे, ऑक्टोबरनंतर चिटपाखरू नाही. सुनेत्रा वैतागली.

"यतीन, बेटावर कोबीसुद्धा फेरीबोटीने येतो! आपण पिकवू."

कॅरव्हॅनची जमीन नांगरली. एका शाळेच्या किचनने कोबी घ्यायचं कबूल केलं. पहिली खेप वेळेवर पोचली तर वर्षभराचं काम. शेजारी मेंढ्यांचं मोकळं कुरण, म्हणून मला नवी कडी लागली. बंद राहायला मी मोठ्या हौसेने शिकलो.

कापणीच्या आदल्या दिवशी लंडनच्या पिनरहून यतीनची आशामावशी आणि जयंतकाका जेवायला आले. चार वाजता "निघतो" म्हणाले आणि मला सताड उघडून माझ्यातच उभे राहिले.

"अहो, फेरी मिस होईल हं," असं काकांना बजावून मावशींनी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला. मग पिनरचं पार्किंग, मग भाचीचं लग्न. सुनेत्राचा हात दोनदा कडीकडे आला आणि मागे गेला. पाहुणे दारात असताना फाटक लावायचं कसं? मी जीव तोडून कुरकुरलो.

"ऑइल घाल रे याला," काका यतीनला म्हणाले.

मग गप्पा गाडीपाशी सरकल्या. चौघांचीही पाठ माझ्याकडे. गाडी वळणाआड होईपर्यंत दोघं हात हलवत राहिली. मागे वळली तेव्हा मेंढ्या कोबीत मनसोक्त चरत होत्या.

शाळेने दुसरीकडून कोबी मागवला. सुनेत्राने पुन्हा ऑगस्टसाठी कॅरव्हॅनचं बुकिंग सुरू केलं.

काल ती माझ्यापाशी उभी असताना मावशींचा फोन आला. "अगं, घरचा कोबी न्यायचा राहूनच गेला! पुढच्या वीकेंडला येतो."

"या ना मावशी, नक्की या," सुनेत्रा म्हणाली आणि फोन ठेवून ढसाढसा रडली.

या हो, जरूर या! पण काय बोलायचं ते घरात बसून बोला, आणि जाताना मला आपल्या हाताने लावा. तुम्हाला ते सांगणं सुनेत्राला या जन्मात जमणार नाही.