विश्वासरावांच्या बिनशिशाच्या गोळ्या

विश्वास दाबके यांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नव्हती. पण २००४ साली ते कुवेतमध्ये एगैलाच्या पुढे, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका खाजगी नेमबाजी क्लबात खरेदी-मॅनेजर होते आणि रिग्गईतल्या मराठी घरांत बंदुकांवर तासन्‌तास बोलत. ऐकणारे सगळे अकाउंटंट आणि नर्सेस, त्यामुळे चूक काढायला कोणी नसे. त्यांची बायको प्रभा फरवानियातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. तिला हे सगळं पाठ होतं.

त्या वर्षी क्लबचे मालक हमीदसाहेब लंडनला तपासणी करून आले, तर रक्तात शिसं निघालं. आकडा अठरा; तो दहाच्या आत हवा. बंद हॉलमध्ये गोळ्या सुटतात तेव्हा शिशाची बारीक धूळ उडते आणि श्वासातून आत जाते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हमीदसाहेब घाबरले. त्यांनी विश्वासरावांना बोलावून सांगितलं, यापुढे मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या रायफलींना बिनशिशाच्याच गोळ्या. आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या मेंबरांनाही आणि इथल्या सरावालाही. आणि परवडणाऱ्या हव्यात.

विश्वासरावांनी बंदुकीची दारू न भरलेले नमुने मागवले आणि घरी जेवणाच्या टेबलावर मांडले.

"ही अख्खी तांब्याची," ते प्रभाला म्हणाले. "शिकारीत लागली की पाकळ्यांसारखी उघडते. आणि ही तांब्याची भुकटी दाबून केलेली. लोखंडी पाटीवर आपटली की पीठ होतं. निम्म्या किमतीत मिळते. मी म्हणतो, दोन्हीकडे हीच घ्यावी."

"मग रानरेड्याच्या कातडीवरच पीठ झालं तर?"

"तुला त्यातलं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी क्लबचा प्रशिक्षक कमाल नेमकं हेच बोलला. संध्याकाळी विश्वासराव घरी येऊन म्हणाले, "मी ठरवलंय. भुकटीची सरावाला, तांब्याची शिकारीला." प्रभाने मान डोलावली.

तांब्याच्या गोळ्यांत त्यांनी सगळ्यांत जड निवडली. किंमत तीच आणि वजन जास्त, म्हणजे फायदा, हा त्यांचा हिशेब; कांदे घेतानाही ते असाच करत. कमालने जुन्या रायफलीतून दहा गोळ्या झाडल्या आणि जयराम कागद काढून घेऊन आला. जयराम परब कणकवलीजवळचा. क्लबात सहा वर्षं निशाण्याचे कागद बदलणं आणि हॉल झाडणं हे त्याचं काम. त्याने कागद ऑफिसात नेऊन विश्वासरावांसमोर धरला.

"साहेब, भोकं बघा. गोल नाय, लांबडी आहेत. गोळी आडवी लागते."

"कागद ओला असेल."

"कुवेतात कागद ओला कसा होईल, साहेब? तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, जुन्या नळीच्या आतल्या पिळाला ती नीट फिरवता येत नाय, मग ती डोलते. हलकी मागवा, ती आखूड असेल."

विश्वासरावांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. मग हलकी गोळी मागवली आणि ती एकाच ठिकाणी पाचदा लागली, तेव्हा हमीदसाहेबांना अहवाल लिहिला. त्याची सुरुवात होती, 'माझ्या निरीक्षणानुसार'.

राहता राहिला जुना शिशाचा साठा. चाळीस पेट्या. फेकायचा म्हणजे विश्वासरावांच्या जिवावर आलं. त्यांनी ठरवलं, सकाळी मेंबर येण्याआधी क्लबच्या पहारेकऱ्यांच्या सरावात तो संपवायचा. मग जयराम झाडू मारून हॉल साफ करी आणि नऊ वाजता मेंबरांसाठी बिनशिशाचा क्लब उघडे.

दोन महिन्यांनी जयराम पोट धरून प्रभाच्या दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याला आधी तीनदा ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्त काढताना प्रभाचं लक्ष त्याच्या हिरड्यांकडे गेलं. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. तिने डॉक्टरांना सांगून शिशाची तपासणी करायला लावली. आकडा आला बासष्ट.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही जुन्या गोळ्या अजून वापरताय?"

"आता नऊ पेट्याच उरल्यात. आणि जयरामचं काय, तो खाण्यापिण्याची काळजीच घेत नाही. मी रोज तिथेच असतो, मला काही झालंय का?"

"मग तुमचंही बघू या."

विश्वासरावांनी ऐटीत बाही वर केली. नेमबाजीच्या हॉलमधला माणूस म्हणून आपला आकडा मोठाच येणार, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत होता. आकडा आला तीन.

रविवारी प्रभा जयरामला बरोबर घेऊन हमीदसाहेबांच्या ऑफिसात गेली. विश्वासराव तिथेच होते. जयरामच्या संमतीने तिने दोघांच्या रक्ततपासणीचे कागद टेबलावर ठेवले आणि सकाळच्या सरावाबद्दल सांगितलं. हमीदसाहेबांनी कागद वाचले. हिंदीत विचारलं, "तीन? विश्वास, गोळ्यांची परीक्षा तूच केली होतीस ना? हॉलमध्ये उभा राहून?"



"कमालसाहेबांनी झाडल्या," जयराम म्हणाला. "भोकं मी बघितली."

जयरामच्या बासष्टकडे हमीदसाहेबांनी एकदाच पाहिलं. "म्हणजे दोन महिने मी तीच धूळ खातोय," ते म्हणाले. प्रभाला त्या क्षणी त्यांची आणि नवऱ्याची सारखीच किळस आली. पण ती ते दाखवायला आली नव्हती. तिने जयरामच्या उपचारांचा खर्च क्लब देईल असं लेखी मागितलं आणि सही होईपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.

उरलेल्या पेट्या दुपारीच बाहेर गेल्या. हॉल धुतला गेला, धूळ ओढणारं यंत्र आलं. विश्वासरावांना कोणी काढलं नाही. हमीदसाहेबांनी तेवढीसुद्धा दखल घेतली नाही. पण पुढची खरेदी कमालच्या शिफारशीने होऊ लागली आणि विश्वासरावांकडे फक्त सही राहिली. जयरामला गोदामात काम मिळालं.

चार महिन्यांनी तो पुन्हा तपासणीला आला. आकडा एकतीसवर उतरला होता. चेहऱ्यावर थोडी तकाकी आली होती.

"आमचे साहेब त्रास देतात का?" प्रभाने विचारलं.

"नाय, वहिनी. गोदामात येतात, दार लावून घेतात आणि विचारतात, यंदा कुठली गोळी बरी. मी सांगतो."